खोली नंबर चारचा गुडघा

मी चौदा वर्षं पगारी आजारी पडते आहे. सकाळी साडेनऊला सही, एक ते दीड जेवणाची सुट्टी, आणि उरलेला सगळा वेळ पोटदुखी, ताप, चक्कर, नाहीतर त्या दिवशी फळ्यावर जे लिहिलेलं असेल ते. आमच्या वैद्यकीय कॉलेजच्या तळघरात एक विभाग आहे. जी मुलं शेवटच्या वर्षाला परदेशातल्या लांबलांबच्या दवाखान्यांत काम शिकायला जाणार असतात, त्यांना आधी इथे तयार करतात. मुलं खरी असतात, परदेश खोटा असतो आणि रुग्ण आम्ही असतो.

विभागाचे प्रमुख विमानसर. हे नाव मुलांनी ठेवलंय. सर आयुष्यात एकदाच परदेशी गेले, अकरा दिवसांसाठी, आणि त्यातले चार दिवस पोट बिघडून खोलीत पडून होते. राहिलेल्या सात दिवसांतून त्यांनी आमचा देश बनवला. त्याला नाव नाही, आम्ही नुसतं 'तिकडे' म्हणतो. तिकडे दर बारा मिनिटांनी वीज जाते, कारण सर होते तेव्हा जात होती. तिकडे डॉक्टरने रुग्णापेक्षा खालच्या स्टुलावर बसायचं, कारण सरांना एकदा खालचं स्टूल मिळालं होतं. तिकडची भाषाही सरांनीच केली. तिच्यात एकूण चाळीस शब्द आहेत, त्यातले सोळा पोट बिघडण्याबद्दलचे. बाकी जागी रुग्णाने घशातून काहीतरी गुरगुर काढायची आणि शेजारी बसलेल्या दुभाष्याने स्क्रिप्टमधलं वाक्य सांगायचं. ते दुभाष्याचं कामही बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतं.

आणि तपासण्याआधी डॉक्टरने विचारायचं, "घरी कोण वाट बघतंय?" हे मात्र सरांना तिकडे कुणीतरी खरंच विचारलं होतं. पोट बिघडलं तेव्हा एका म्हाताऱ्या नर्सने. दर वर्षी हे सांगताना सरांचा आवाज जरा घोगरा होतो, म्हणून मी त्या माणसाला अगदीच वाईट म्हणत नाही.

विजेचं खातं बत्तीमामांकडे. मामा शिपाई आहेत, पण गेली नऊ वर्षं त्यांचं एकच काम, बारा मिनिटं झाली की बटण बंद करायचं आणि एका मिनिटाने चालू करायचं. खरी वीज गेली की मामा जीव खाऊन पळतात आणि जनरेटर लावतात, कारण वीज असल्याशिवाय ती वेळेवर घालवता येत नाही.

तिकडे साधनं कमी, म्हणून आमच्याकडे कमी साधनांची रेलचेल. मोडका वजनकाटा मागवला तर कंपनीने चांगला पाठवला. तो परत करून मोडका यायला आठ महिने लागले. वर, खऱ्या हॉस्पिटलात, वजनकाटा खरंच मोडलेला आहे आणि तिथल्या सिस्टर आमच्याकडे मागायला येतात. आम्ही देत नाही. आमचा मोडका सरकारी शिक्क्याचा आहे.

आता आमच्या 'ह्यां'विषयी सांगते, कारण गोष्ट त्यांचीच आहे.

हे सिनेमा थिएटरात तीस वर्षं डोअरकीपर होते. अंधारात टॉर्च दाखवून लोकांना खुर्चीत बसवायचं आणि मग दाराला टेकून सिनेमा बघायचा. एकेक सिनेमा दोनदोनशे वेळा. जन्मात कधी अभिनय केला नाही, पण अभिनयातलं आपल्याला जितकं कळतं तितकं करणाऱ्याला कळत नाही, असा यांचा ठाम समज. माझी नोकरी लागली तेव्हापासून मी घरी आले की हे म्हणणार, "आज काय होतं? पोटदुखी? करून दाखव." मी दमलेली असले तरी दाखवायची. मग मान हलणार. "कण्हणं ओव्हर होतंय गं. माणसाला खरं दुखतं ना, तेव्हा तो लपवतो." चौदा वर्षांत एकदा म्हणून हे मला चांगलं म्हणाले नाहीत.

आणि गेलं वर्षभर हे स्वतः लपवत होते. मी काय आंधळी आहे? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सोसायटीची पाटी आहे, पाणी किती वाजता येणार आणि जाणार त्याची. हे खालून आले की त्या पाटीसमोर उभे. एक हात कठड्यावर, डोळे पाटीवर. पाच मिनिटं, सात मिनिटं. मी म्हणायची, "काय हो?" हे म्हणायचे, "वेळा बघतोय." नळ आम्ही वीस वर्षं त्याच वेळेला उघडतो. घोटे असे सुजायचे की बूट सोडून चपला आल्या. डोक्याखाली एकाच्या तीन उशा झाल्या, का तर म्हणे पडून पेपर वाचता येतो. पेपर वाचून झाल्यावर दिवा मालवला तरी उशा तीनच.

डॉक्टरचं नाव काढलं की संपलं. "मला काय धाड भरलीय?" त्यामागे माझे मोठे दीर होते. ते खोकला झाला म्हणून या हॉस्पिटलात चालत गेले होते आणि चौथ्या दिवशी चौघांच्या खांद्यावरून घरी आले. तेव्हापासून हे हॉस्पिटलच्या बाजूचा रस्तासुद्धा धरत नाहीत. मीच एकदा वर खिडकीवर जाऊन यांच्या नावाने नंबर लावला. तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. ती चिठ्ठी यांना दाखवली तर यांनी तिचे चार तुकडे केले आणि एका तुकड्याची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. त्या रात्रीचं जेवण मी आदळआपट करून वाढलं, पण डुगडुग थांबली हे खरं.

मग आमचे गुडघेवाले काका रजेवर गेले. काका अकरा वर्षं तळघरातल्या खोली नंबर चारमध्ये गुडघा दुखवत बसायचे आणि आता खऱ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले. परीक्षा चार दिवसांवर आली होती. परदेशी जाणाऱ्या आठ मुलांची शेवटची परीक्षा, जो पास तो विमानात. सर डोक्याला हात लावून बसले. आणि मला सुचलं.

संध्याकाळी घरी जाऊन मी म्हटलं, "गुडघ्याला माणूस पाहिजे. सर म्हणत होते, तुमचे मिस्टर जमवतील का? मी सांगितलं, छे, ते नुसतं बोलणारे, उभं राहायची वेळ आली तर पाय लटपटतील."

हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "गुडघा कुठला? डावा की उजवा?"

मासा गळाला लागला. माझा हिशेब सरळ होता. आठ मुलं येणार, आठही जण छातीला स्टेथोस्कोप लावणार, कारण तपासताना छाती ऐकायचीच असते. आठ होऊ घातलेल्या डॉक्टरांत एकाला तरी कान असेल. तो सांगेल, यांना बघा, यांची छाती ठीक नाही. माझं ऐकत नाहीत, कोटवाल्याचं ऐकतील.

चार दिवस हे गुडघा बसवत होते. मला म्हणाले, "काकांचा गुडघा मी तुझ्या तोंडून ऐकलाय. हात लावला की ओरडायचं. भडक आहे. मी ओरडणार नाही, मी फक्त खिडकीकडे बघणार." खोली चारला खिडकी नाही, तळघर आहे, असं मी सांगितलं. हे म्हणाले, "जिथे खिडकी असायला पाहिजे तिथे बघेन." यांना हॉस्पिटलच्या मागच्या दाराने, जिन्याऐवजी सामानाच्या उतारावरून तळघरात नेलं. आपण हॉस्पिटलात आलोय हे यांच्या ध्यानातच आलं नाही, कारण तिथे डॉक्टर कुठेच दिसत नव्हता.

परीक्षा सुरू झाली. खुर्चीवर हे, शेजारी दुभाषी म्हणून मी, कोपऱ्यात गुणांची यादी घेऊन विमानसर. यादी वीस गुणांची. खालच्या स्टुलावर बसला, एक. घरी कोण वाट बघतंय विचारलं, तीन. परवानगी मागितली, तीन. स्टेथोस्कोप तळहातावर चोळून गरम केला, दोन. वीज गेल्यावर घाबरला नाही, दोन. 'मला माहीत नाही' हे नम्रपणे म्हणाला, तीन. असं करत वीस. मी यादी उलटसुलट वाचली. गरम करण्याला गुण होते, लावण्याला होते, ऐकण्याला नव्हते. सरांना विचारलं तर म्हणाले, "बाई, खोट्या रुग्णात ऐकण्यासारखं काय असणार?"

माझा सगळा हिशेब तर ऐकण्यावरच होता.

पहिला मुलगा आला. स्टुलावर बसला, विचारलं, "घरी कोण वाट बघतंय?" यांनी घशातून एक लांबलचक गुरगुर काढली. मी स्क्रिप्ट सांगितली, "म्हणतात, चार शेळ्या आणि एक आंधळी आत्या." मुलाने मान तुकवली. खोलीतला स्टेथोस्कोप चोळचोळ चोळला, छातीवर ठेवला, दोन सेकंदांत उचलला आणि लिहिलं: हृदय नॉर्मल. गुडघा दाबला. हे जिथे खिडकी असायला पाहिजे तिथे बघत राहिले. सरांनी वीसपैकी एकोणीस दिले.

दुसरा, तिसरी, चौथा. हृदय नॉर्मल, हृदय नॉर्मल, हृदय नॉर्मल. मागच्या वर्षीच्या मुलांनी पुढच्यांना सांगून ठेवलेलं असतं की खोली चारमध्ये गुडघा आहे, त्यामुळे सगळे जण दारातूनच गुडघ्याकडे बघत येत. इकडे हे चार गुरगुरींनंतर घामाघूम झाले होते. बोलून झालं की तोंड उघडं ठेवून दम घ्यायचे. सर माझ्या कानात म्हणाले, "छान करतात, पण ती धाप कमी करायला सांगा. गुडघ्याला धाप शोभत नाही."

पाचव्याला मी न राहवून स्क्रिप्टबाहेर एक वाक्य घातलं. "म्हणतात, झोपायला तीन उशा लागतात." यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं शंभर माणसांच्या थिएटरात मोठ्याने बोलणाऱ्याकडे बघावं. मुलगा म्हणाला, "गुडघ्याखाली घेतात का?" सहावी आणि सातवा यांनी उशांचं ऐकून घेतलं आणि 'रुग्णाच्या श्रद्धांचा आदर केला' या रकान्याचे दोन गुण घेतले.

आठवी हळूबाई. हिचंही नाव वर्गानेच ठेवलेलं. जिथे बाकीच्यांचे दहा रुग्ण बघून होतात तिथे हिचे चार होतात. ती आली, स्टुलावर बसली, यांचा दम घेऊन होईपर्यंत थांबली आणि मग विचारलं. चार शेळ्या, आंधळी आत्या. तिने स्टेथोस्कोप लावला. काढला. झटकला. परत लावला. फुंकर मारली. मग म्हणाली, "यातून काहीच ऐकू येत नाही."

सर यादीत खूण करत म्हणाले, "तिकडे साधनं अशीच असतात."

"मग मी कान लावू?" ती यांना म्हणाली. परवानगी मागितली हं, तीन गुण. हे गोंधळून माझ्याकडे बघायला लागले, कारण स्क्रिप्टमध्ये कान नव्हता. मी म्हटलं, "म्हणतात, लाव." तिने केस मागे सारले आणि यांच्या छातीला कान टेकवला. नेमकी तेव्हाच बारा मिनिटं झाली आणि मामांनी वीज घालवली.

पंखा थांबला, ट्यूबलाइटची घरघर थांबली, सरांचं पेन थांबलं. मला फक्त यांचा श्वास ऐकू येत होता, आणि तो मला घरी रोज ऐकू येतो. एक मिनिट किती मोठं असतं ते मला त्या दिवशी कळलं. दिवे आले तेव्हा हळूबाई तशीच होती. मग ती सरळ झाली, वाकून यांचा घोटा अंगठ्याने दाबला, अंगठा काढला. खळगा तसाच राहिला.

"उशा तीन म्हणालात ना?" तिने मला विचारलं.

"तीन."

"सर, यांचा गुडघा नाही. ठोका पडला की मागून फुस्स असा आवाज येतोय. झडप नीट मिटत नसावी. यांना आजच वर न्यायला हवं."

सर म्हणाले, "वेळ संपली."

तिला वीसपैकी नऊ मिळाले. गुडघ्याला हातही लावला नाही, स्क्रिप्टबाहेर गेली, आणि 'मला माहीत नाही' हे एकदाही नम्रपणे म्हणाली नाही. तिचं तिकीट काढलेलं होतं, ते रद्द करायला सांगितलं. आणि सर यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "कमाल केलीत. तुमच्या धापेने हुशार मुलगी फसली. असा कलाकार आम्हाला मिळाला नव्हता."

नंतर मी मामांना विचारलं की त्या स्टेथोस्कोपमध्ये आहे काय. मामा म्हणाले, "नळीत कापूस आहे की. जूनमध्ये सरांनीच कोंबला. मुलांना निकामी साधनाची सवय व्हावी म्हणून." म्हणजे सात जणांनी कापूस ऐकून हृदय नॉर्मल लिहिलं होतं.

घरी येताना हे रिक्षात गुणगुणत होते. दुसऱ्या मजल्यावर पाटीसमोर आठ मिनिटं उभे राहिले आणि तिथेही चेहऱ्यावर हसू. "बघितलंस? फसवली. डॉक्टर होती, डॉक्टर. मी उगाच म्हणत नाही, लपवण्यात खरी कला आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा आटापिटा करून एका माणसाने खरं काय ते तोंडावर सांगितलं, आणि आमच्या माणसाने त्याची शाबासकी करून खिशात घातली. मी दोन दिवस बोलले नाही. यांना वाटलं मला हेवा वाटतोय.

तिसऱ्या दिवशी विमानसर स्वतः आमच्या घरी आले. तीन मजले चढून आले आणि धापा टाकत होते, तर हे म्हणाले, "बरी आहे, पण जरा ओव्हर."

सरांनी कागद काढला. हळूबाईने निकालाविरुद्ध अर्ज केला होता. तिचं म्हणणं, रुग्ण खरंच आजारी होता. आता परीक्षा विभागाचा नियम असा की खोट्या रुग्णाने लेखी द्यायचं: मी संपूर्ण वेळ निरोगी होतो व जे केले तो अभिनय होता. खाली सही. "फक्त औपचारिकता," सर म्हणाले. "उद्या अकराला सुनावणी आहे, तिथे येऊन सही करा म्हणजे झालं."

सर गेल्यावर मी म्हटलं, "करा सही. कागदावर कलाकार व्हाल. मी तो फ्रेम करून लावीन, तुमच्या फोटोशेजारी, आणि दोन्हींना एकच हार घालीन." असं बोलायला नको होतं, पण मी घाबरले होते आणि घाबरले की माझी जीभ चालते.

सुनावणी तळघरातच होती. एका टेबलामागे विमानसर आणि परीक्षा विभागाचे साहेब. साहेबांसमोर फाइल. हळूबाई उभी. हे आणि मी बाकावर.

साहेब म्हणाले, "प्रश्न साधा आहे. रुग्ण आजारी होता की नव्हता?"

"होता," विमानसर म्हणाले. "गुडघ्याने."

"खरा?"

"खोटा."

"आणि ही म्हणते त्या आजाराने?"

"त्याने नव्हता. तो उत्तरपत्रिकेत नाही."

"उत्तरपत्रिकेत नसलेला आजार रुग्णाला होऊ शकतो का?"

सरांनी विचार केला. "परीक्षेच्या वेळेत नाही."

साहेबांनी कागद यांच्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. यांनी पेन घेतलं. टोपण काढलं. मग हळूबाईकडे वळून म्हणाले, "पोरी, नापास झालीस तर काय होतं?"

"पुढच्या वर्षी परत बसायचं, काका."

"परत गुडघाच?"

"हो. पण तेव्हा मी गुडघा म्हणेन. आता मला माहीत झालंय."

हे गप्प बसले. मी यांना ओळखते, यांचं गप्प बसणं तीन प्रकारचं असतं. हे चौथंच होतं. मग म्हणाले, "तुला नक्की काय ऐकू आलं?"

तिने पुन्हा सांगितलं. ठोका, मग फुस्स. ठोका, मग फुस्स.

"मोठ्याने येतो?"

"कान लावला तर येतो."

यांनी टोपण पेनाला परत लावलं. "साहेब, मी तीस वर्षं चांगल्यातले चांगले नट बघितलेत. रडतात, मरतात, काय वाटेल ते करतात. पण छातीच्या आतून आवाज काढणारा मी बघितला नाही. मीही काढत नव्हतो. गुडघा माझा अभिनय होता, तो या मुलीने बघितलाच नाही, त्याचं मला वाईट वाटतं. बाकीचं जे तिने ओळखलं ते खरं आहे." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती पाण्याच्या वेळांची पाटी. मी वाचत नव्हतो गं."

मला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं. तरी यांच्या तोंडून ऐकल्यावर मी तिथेच, साहेबांसमोर, पदर तोंडाला लावला. कण्हणं ओव्हर होतंय असं हे म्हणाले नाहीत.

साहेब म्हणाले, "नुसतं तोंडी चालणार नाही. पुरावा लागेल."

मी म्हटलं, "वर नंबर लावला तर तीन महिन्यांची तारीख देतात."

"ती रुग्णांना," साहेब म्हणाले. "परीक्षेचा निकाल सात दिवसांत लागला पाहिजे असा कायदा आहे. पुराव्याची तपासणी आजच होईल." त्यांनी लाल शिक्का मारला. त्या शिक्क्यावर आम्ही तळघरातून थेट चौथ्या मजल्यावर गेलो, लिफ्टने. ज्या खिडकीवर मी दोन तास उभी होते तिच्यासमोरून गेलो तर आतली बाई उठून उभी राहिली. फॉर्मवर रुग्णाचं नाव या जागी लिहिलं होतं: परिशिष्ट ब. सोनोग्राफीवाल्याने दाराशी येऊन हाक मारली, "परिशिष्ट ब कोण?" आणि हे रुबाबात उठले. त्याने विचारलं, "परिशिष्ट अ बरोबर आहे का?" मी म्हटलं, ती मुलीची उत्तरपत्रिका आहे.

हृदयाच्या डॉक्टरांनी पडद्यावर बघितलं, मग यांच्याकडे, मग माझ्याकडे. "यांना आज घरी न्यायचं नाही. झडप बदलावी लागेल. फार थांबलात."

बरोबर आलेला परीक्षा विभागाचा कारकून म्हणाला, "पण पुरावा पाचच्या आत रेकॉर्डरूममध्ये जमा करायचा असतो." डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याने वॉर्डालाच रेकॉर्डरूम म्हणून नोंद केली. वॉर्डात एकही खाट रिकामी नव्हती, पण पुराव्यासाठी एक राखीव निघाली. ऑपरेशनलाही रांग होती, दोन महिन्यांची. त्यावर साहेबांनी जे पत्र लिहिलं त्याची प्रत मी जपून ठेवली आहे: 'सदर पुरावा निकालापूर्वी नष्ट होण्याची दाट शक्यता असल्याने त्याची दुरुस्ती अग्रक्रमाने करावी.' मी ते वाचलं आणि हसावं की रडावं कळेना. साहेबांना मी हात जोडले. ते म्हणाले, "नियम आहे बाई."

शुक्रवारी सकाळी सातची वेळ मिळाली. यांना हिरवा झगा घातला, ढकलगाडीवर घेतलं. पांघरुणाबाहेर आलेले पाय मी पुन्हा झाकले. मोठे दीरही इथे चालतच आले होते, हे यांच्या मनात होतं, माझ्याही होतं. दोघांनी तोंडातून काढलं नाही.

ऑपरेशनच्या दाराशी हळूबाई आली. तिचा निकाल लागायचा होता, तिला तिथे काही काम नव्हतं. तिने इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातलं पाय ठेवायचं ठोकळ्यासारखं लाकूड ओढलं आणि गाडीपेक्षा खाली, त्याच्यावर बसली. तिथे गुण द्यायला कुणी नव्हतं. तिने विचारलं, "काका, घरी कोण वाट बघतंय?"

यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता चार शेळ्या. पण यांनी तिकडच्या भाषेत बोलायला सुरुवात केली, म्हणजे गुरगुर, पण हळू आणि तुटक, चाळीस शब्दांतला एकही शब्द तिच्यात नव्हता. बराच वेळ बोलले. मध्ये आवाज चिरला. मग थांबले आणि छताकडे बघत राहिले. जिथे खिडकी असायला पाहिजे तिथे.

हळूबाई माझ्याकडे बघायला लागली. दुभाषी मी होते आणि हातात स्क्रिप्ट नव्हती.

"म्हणतात," मी म्हटलं, "घरी कोणी नाही. जी वाट बघते ती इथे आली आहे. आणि म्हणतात, भीती वाटते."

यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"बरोबर सांगितलंस," हे म्हणाले. "ओव्हर नाही झालं."

मग गाडी आत गेली.

हळूबाई पास झाली. यादीत आता ऐकण्याला एक गुण आहे. गरम करण्याला अजून दोनच आहेत, पण नळीतला कापूस सरांनी काढला, स्वतःच्या हाताने, आणि तो कापूस हातात धरून ते बराच वेळ खोली चारमध्ये बसले होते असं मामा सांगत होते. कापूस ऐकून पास झालेल्या सात जणांचं काय करायचं यावर समिती अजून बसते आहे. ते सातही जण केव्हाच परदेशी गेले.

सहा आठवड्यांनी आम्ही दोघं बाजारातून येत होतो. पिशवी माझ्या हातात, हे पुढे. पहिला मजला झाला, दुसरा चढले, आणि वळणावर हे थांबले. एक हात कठड्यावर, डोळे पाटीवर.

माझ्या हातातली पिशवी खाली गेली. "काय होतंय?"

"वेळा बदलल्यात," हे म्हणाले.

मी पाटी वाचली. खरंच बदलल्या होत्या.